तवंगापासून पेशीपटलापर्यंत

पेशीपटल म्हणजे प्रत्येक जिवंत पेशीभोवतीचे मेद आणि प्रथिने यांचे पातळ, लवचिक आवरण. त्याची जाडी जेमतेम सात-आठ नॅनोमीटर भरते. अशी दहा हजार पटले एकावर एक रचली, तर कुठे माणसाच्या केसाएवढी जाडी होईल. पेशीत काय शिरावे, काय बाहेर पडावे आणि काय अडावे हे या पटलावर ठरते, म्हणून शालेय पुस्तकांत त्याला ‘निवडक्षम पारपटल’ म्हटलेले असते. आंब्याचे पान असो, पोटातला जिवाणू असो की मेंदूतली चेतापेशी, पेशीला स्वतःचे आत आणि बाहेर मिळते ते पटलामुळेच. आज ही सगळी माहिती पाठ्यपुस्तकाच्या एका आकृतीत मावते. ती आकृती पुरी व्हायला मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली आणि त्यांतली पहिली शंभर वर्षे पटल कोणाच्याही डोळ्यांना दिसलेले नव्हते. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे दोनशे नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दाखवता येत नाही. पटल त्याच्या कितीतरी खाली राहते. ते आहे, ते कशाचे आहे आणि किती जाड आहे, हे संशोधकांनी त्याच्या वागण्यावरून ओळखले.

सुरुवातीला घोटाळा झाला तो भित्तिकेमुळे. रॉबर्ट हुकने १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात बुचाच्या कापातल्या ज्या खोल्या दाखवल्या, त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भित्तिका होत्या. वनस्पतीची पेशीभित्तिका जाड, टणक आणि सहज दिसणारी असते. पटल तिला आतून चिकटून असते, त्यामुळे ते तिच्याआड लपून जाते. प्राण्यांच्या पेशींना भित्तिकाच नसते. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली दिसे तो चिकट रसाचा एक थेंब, आणि थेंबाला काठ असतोच, मग वेगळे आवरण कशाला मानायचे, असा विचार बळावला. जर्मन संशोधक माक्स शुल्त्से याने १८६१ मध्ये पेशीची व्याख्याच ‘केंद्रक असलेला जीवद्रव्याचा गोळा’ अशी केली. तिच्यात आवरणाला जागा नव्हती. ही व्याख्या त्या काळी पुढारलेली समजली जाई, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या पुराव्यापुरते पाहिले तर ती चूकही नव्हती.

पटलाच्या बाजूचा पुरावा आला तो रंगाकडून. कार्ल नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५५ मध्ये एक गोष्ट नोंदवली होती: पेशी धडधाकट असेतो तिच्या आतला रंगीत रस बाहेर येत नाही आणि बाहेरचा रंग आत जात नाही; तिला इजा झाली की दोन्ही घडते. या अडथळ्याला त्याने नावही दिले. त्याचे निरीक्षण कोणत्याही स्वयंपाकघरात पडताळता येते. बीट चिरून थंड पाण्यात टाकले, की सुरीने कापल्या गेलेल्या पेशींतला रंग लगेच पाण्यात उतरतो. ते पाणी दोन-तीनदा बदलले, की नंतरचे पाणी बराच वेळ जवळजवळ स्वच्छ राहते, कारण उरलेल्या पेशी शाबूत असतात. तेच तुकडे उकळत्या पाण्यात घातले, तर काही क्षणांत पाणी गडद किरमिजी होते. बिटाचा रंग आधीही पाण्यात विरघळणाराच होता आणि पाणीही आधी भोवती होतेच. बदलले ते एवढेच, की मधला पहारा उष्णतेने मोडला.

डच शास्त्रज्ञ ह्युगो द व्ह्रीस याने १८७१ पासून लाल बिटावरच प्रयोग केले. त्याने जिवंत पेशी मिठाच्या तीव्र द्रावणात ठेवल्या. पेशीतले पाणी बाहेर पडले, आतला भाग आक्रसला आणि भित्तिकेपासून सुटून मध्ये गोळा झाला. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावल्यावर तिला पाणी सुटते, त्यामागे हीच क्रिया आहे. मराठीत तिला रससंकोच म्हणतात. सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्याला इथे पटलाची हद्द दिसली. पटल दिसले नाही, पण आक्रसलेल्या गोळ्याची काठरेषा भित्तिकेपासून वेगळी उमटली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आत मीठ शिरले नव्हते, फक्त पाणी बाहेर आले होते. पेशी पुन्हा साध्या पाण्यात ठेवली की ती पूर्ववत फुगे. मेलेल्या पेशीत यांतले काहीच घडत नसे.

याच सुमारास व्हिल्हेल्म फेफर याने सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या अंगात तांब्याच्या एका क्षाराचे कृत्रिम पटल बसवले आणि पाणी आत ओढले जाताना किती दाब निर्माण होतो हे मोजले. १८७७ मध्ये त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. साखरेच्या अवघ्या एक टक्का द्रावणातही हा दाब अर्ध्या वातावरणापेक्षा जास्त भरला होता. या आकड्यांची माहिती द व्ह्रीसने रसायनशास्त्रज्ञ फान्ट हॉफ याला दिली आणि त्यातून द्रावणांच्या परासरण दाबाचा नियम उभा राहिला. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये फान्ट हॉफला मिळाले. त्या नियमाच्या मुळाशी रोपांच्या पेशी पाहत बसलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञांची चिकाटी होती, हे फारसे सांगितले जात नाही.

पटल आहे, एवढे ठरले. ते कशाचे आहे हे चार्ल्स अर्नेस्ट ओव्हरटन या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या, झुरिकमध्ये काम करणाऱ्या संशोधकाने शोधले. वनस्पतींच्या पेशींत कोणते पदार्थ शिरतात याची यादी करायला त्याने १८९०च्या दशकात सुरुवात केली. कसोटी रससंकोचाचीच होती. साखरेच्या तीव्र द्रावणात पेशी आक्रसत, म्हणजे साखर बाहेरच अडे. अल्कोहोल किंवा ईथर घातले तर पेशी आक्रसत नसत. ते पटलातून इतक्या झटपट आत जात, की आत-बाहेर फरकच उरत नसे. ओव्हरटनने वनस्पतींची मूलरोमे, बेडकाची पिल्ले, स्नायू अशा नाना जिवंत नमुन्यांवर पाचशेहून अधिक संयुगे तपासली. एवढ्या मोठ्या यादीतून एक साधा नियम वर आला: जो पदार्थ पाण्यापेक्षा तेलात अधिक सहज विरघळतो, तो पेशीत अधिक सहज शिरतो. ज्याचे तेलाशी जमत नाही, तो दाराबाहेर राहतो.

यावरून ओव्हरटनने १८९९ मध्ये अनुमान मांडले, की पेशीची सीमा मेदासारख्या द्रव्याने, बहुधा कोलेस्टेरॉल आणि लेसिथिन यांच्या मिश्रणाने, भारलेली असावी. त्याच्या हाती पटलाचा एक कणसुद्धा नव्हता. तरीही त्याने नेमक्या त्याच पदार्थांची नावे घेतली, जी पुढे खरी ठरली. जीवशास्त्राच्या इतिहासात इतके नेमके अनुमान क्वचितच सापडते. भूल देणारी औषधे तेलात विरघळणारी असतात आणि जितकी जास्त विरघळतात तितकी प्रभावी ठरतात, हेही त्याने आणि मारबुर्गच्या हान्स होर्स्ट मायर याने स्वतंत्रपणे दाखवले. एक कोडे मात्र त्याच्या नियमात बसेना. पाणी तेलात मिसळत नाही, तरीही ते पेशीत झरझर ये-जा करते. हे कोडे सुटायला आणखी सुमारे नव्वद वर्षे लागायची होती.

पटल मेदाचे असेल, तर पाण्याच्या सान्निध्यात मेदाचे रेणू कसे बसतात हे कळणे भाग होते. त्या प्रश्नाचे उत्तर पेशींपासून फार दूर, तलावावर आणि भांडी घासण्याच्या मोरीत तयार होत होते.

बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपहॅम कॉमन येथील तळ्यात जेमतेम चमचाभर तेल ओतले. तेलाचा तवंग पसरत पसरत सुमारे अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठे पाण्यावर गेला आणि वाऱ्याने उठलेल्या बारीक लाटा तेवढ्या भागात शमल्या. हा वृत्तान्त १७७४ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. चमचाभर तेलाला वीस गुंठ्यांनी भागले की तवंगाची जाडी दोन-अडीच नॅनोमीटर निघते, म्हणजे एका रेणूच्या लांबीइतकी. फ्रँकलिनने तो भागाकार केला नाही. रेणू मोजण्याची कल्पनाच तेव्हा नव्हती. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले याने १८९० मध्ये ऑलिव्ह तेलाच्या तवंगाची जाडी मोजली, ती १.६ नॅनोमीटर आली.

हे मोजमाप भरवशाचे केले ते आग्नेस पॉकेल्स हिने. ती जर्मनीतील ब्राउनश्वाइग शहरात आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम सांभाळणारी तरुणी होती. मुलींना तेव्हा तिथल्या विद्यापीठांत प्रवेश नसल्याने तिचे शिक्षण शाळेतच थांबले. भौतिकशास्त्राची पुस्तके तिला गटिंगनला शिकणाऱ्या धाकट्या भावाकडून मिळत. भांडी धुताना तेलकट पाण्याचा पृष्ठभाग स्वच्छ पाण्यापेक्षा वेगळा वागतो, हे तिने पाहिले आणि विशीतच त्यावर प्रयोग सुरू केले. तिचे उपकरण म्हणजे ७० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर खोल असे पत्र्याचे पन्हळ. ते काठोकाठ पाण्याने भरायचे आणि त्यावर पत्र्याची एक पट्टी आडवी ठेवायची. पट्टी सरकवली की एका बाजूचा तवंग दाबला जाई, दुसऱ्या बाजूचा पृष्ठभाग पसरे. एक छोटी चकती पाण्यावर टेकवून ती उचलायला किती जोर लागतो हे तराजूने मोजले, की पृष्ठताण कळे. तवंग दाबत नेला तर एका ठरावीक क्षेत्रफळापर्यंत पृष्ठताण बदलत नाही आणि तिथून पुढे एकदम घसरतो, हा तिचा शोध. ते क्षेत्रफळ म्हणजे रेणू एकमेकांना खेटून उभे राहिल्याची खूण होती.

दहा वर्षे हे काम घरातच राहिले. जानेवारी १८९१ मध्ये तिने रॅलेला जर्मनमध्ये पत्र लिहिले. रॅलेच्या पत्नीने ते इंग्रजीत आणले आणि रॅलेने स्वतःच्या शिफारशीसह ते ‘नेचर’कडे पाठवले, त्याच वर्षी मार्चमध्ये ते छापून आले. आयर्व्हिंग लँगम्यूर या अमेरिकन शास्त्रज्ञाने पुढे याच धर्तीच्या पन्हळाला सुधारून १९१७ मध्ये दाखवले, की मेदाचा रेणू पाण्यावर आडवातिडवा पडत नाही. त्याचे पाण्याशी जमणारे डोके खाली पाण्यात बुडते आणि पाण्याला टाळणारी शेपटी वर हवेत उभी राहते. लँगम्यूरला १९३२ मध्ये नोबेल मिळाले. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठाने सत्तरीच्या पॉकेल्सला मानद डॉक्टरेट दिली. पुढची सगळी पटलविद्या ज्या पन्हळावर उभी राहिली, ते मूळचे तिचे होते.

हे पन्हळ रक्तापर्यंत नेले लायडनच्या दोघा डच संशोधकांनी. एव्हर्ट गॉर्टर हा बालरोगतज्ज्ञ आणि फ्रान्स्वा ग्रेंडेल त्याचा सहकारी. १९२५ मध्ये त्यांनी माणूस, कुत्रा, मेंढी, शेळी, ससा आणि गिनीपिग यांच्या तांबड्या रक्तपेशी घेतल्या. निवड फार विचारपूर्वक होती, कारण सस्तन प्राण्यांच्या परिपक्व तांबड्या पेशीत ना केंद्रक असते ना आत दुसरे कोणते पटल. पेशीत जो मेद सापडेल तो बाहेरच्या पटलाचाच. पेशी मोजून घ्यायच्या, ॲसिटोनने त्यांतला मेद काढायचा, तो पन्हळातल्या पाण्यावर पसरायचा आणि एका रेणूच्या थराने किती जागा व्यापली ते पाहायचे. मग सूक्ष्मदर्शकातून पेशीचे मापन करून सगळ्या पेशींचे पृष्ठफळ काढायचे. मेदाने व्यापलेली जागा जवळपास दर वेळी पेशींच्या पृष्ठफळाच्या दुप्पट भरली. याचा अर्थ पेशीभोवती मेदाच्या रेणूंचे दोन थर होते. शेपट्या आत एकमेकींकडे, डोकी बाहेर दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे, अशी ती रचना.

हा निष्कर्ष बरोबर होता, पण त्याच्या मोजणीत दोन चुका होत्या. ॲसिटोनने सगळा मेद बाहेर निघत नाही, बराचसा मागेच राहतो. दुसरीकडे, पेशीचे पृष्ठफळही त्यांनी प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी धरले होते. मेद कमी मिळाला, पृष्ठफळ कमी धरले. दोन्ही चुका साधारण सारख्याच प्रमाणाच्या असल्याने भागाकारात एकमेकींना खाऊन गेल्या. १९६६ मध्ये हा प्रयोग सुधारित पद्धतीने पुन्हा झाला तेव्हा हे उघडकीस आले. गॉर्टर आणि ग्रेंडेल यांचे श्रेय त्याने उणे होत नाही, कारण योग्य पेशी निवडणे आणि योग्य प्रश्न विचारणे हा त्या प्रयोगातला अवघड भाग होता आणि तो त्यांनी चोख केला होता. १९२५ मध्येच ह्यूगो फ्रिके याने रक्तपेशींची विद्युत धारिता मोजून पटलाची जाडी ३.३ नॅनोमीटर ठरवली. आज पाहता हा आकडा पटलाच्या मधल्या तेलकट गाभ्याचा आहे, आणि त्या अर्थाने तो अचूक आहे.

यानंतरची तीस-पस्तीस वर्षे पटलविद्या एका चुकीच्या वाटेने गेली. समुद्री प्राण्यांच्या अंड्यांवर मोजलेला पृष्ठताण तेलाच्या मानाने फारच कमी निघाला. नुसता मेद असता तर ताण जास्त हवा होता. तो कमी करणारे काहीतरी पृष्ठभागावर असले पाहिजे, आणि प्रथिने तसे करतात हे ठाऊक होते. त्यावरून जेम्स डॅनिएली आणि ह्यू डॅव्हसन यांनी १९३५ मध्ये मॉडेल मांडले: मध्ये मेद, आणि दोन्ही अंगांनी प्रथिनांचा लेप. मेदाच्या दुहेरी थराचा पृष्ठताण मुळातच अल्प असतो, हे तेव्हा लक्षात आले नव्हते.

१९५०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पटल अखेर दाखवले आणि पहिल्या दर्शनाने चुकीच्या मॉडेललाच बळ दिले. जे. डेव्हिड रॉबर्टसनच्या छायाचित्रांत दोन काळ्या रेषा आणि मध्ये फिकट पट्टा, मिळून सुमारे ७.५ नॅनोमीटर, असे रूळ दिसत होते. चेतातंतू, स्नायू, पेशीच्या आतली अंगके, जिथे पाहावे तिथे तीच तीन पट्ट्यांची रेघ. रॉबर्टसनने काळ्या रेषा म्हणजे प्रथिनांचे लेप असे मानले आणि सर्व पटले मुळात एकाच साच्याची आहेत असे प्रतिपादन केले. साचा एक आहे, हे बरोबर होते. पण प्रथिने लेपासारखी बसतात याला पुढे एकेक अडचण येत गेली. चेतातंतूंच्या आवरणात वजनाने पाव भागही प्रथिन नसते, तर तंतुकणिकेच्या आतल्या पटलात तीनचतुर्थांश प्रथिनच असते. मग एकच लेप सगळीकडे कसा? शिवाय अनेक प्रथिने पटलापासून साध्या मिठाच्या पाण्याने सुटत नसत. साबणासारखे द्रव्य वापरूनच ती काढावी लागत. म्हणजे ती मेदात रुतलेली होती.

निर्णायक पुरावा थंडीने दिला. पेशी झपाट्याने गोठवून सुरीने तडकवली, तर पटल आपल्या सर्वांत कमकुवत जागी, म्हणजे मेदाच्या दोन थरांच्या मधोमध, फाटते आणि त्याचे आतले अंग उघडे पडते. डॅनियल ब्रँटनने १९६६ मध्ये हे दाखवून दिले. उघड्या पडलेल्या त्या सपाटीवर खड्यांसारखे कण विखुरलेले दिसले. ती पटलातून आरपार गेलेली प्रथिने होती.

दुसरा पुरावा फ्राय आणि एडिडिन यांनी १९७० मध्ये दिला. त्यांनी उंदराच्या पेशी आणि माणसाच्या पेशी एका विषाणूच्या साहाय्याने एकमेकींत मिसळून एकच पेशी बनवली. उंदराच्या प्रथिनांना हिरवी चमक देणारी आणि माणसाच्या प्रथिनांना लाल चमक देणारी खूण लावली. सुरुवातीला पेशीचा अर्धा भाग हिरवा, अर्धा लाल असे. ३७ अंश सेल्सियसला साधारण चाळीस मिनिटांत दोन्ही रंग सगळीकडे मिसळून जात. तापमान बरेच उतरवले की मिसळणे जवळजवळ थांबे. थंडीत पातेल्यातले तूप गोठते तसे. प्रथिने पटलात तरंगत, सरकत होती. पटल भिंतीसारखे स्थिर नव्हते, द्रवासारखे वाहते होते.

हे सगळे धागे सिंगर आणि निकल्सन यांनी फेब्रुवारी १९७२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातल्या एका लेखात ओवले. मेदाचा दुहेरी थर हा द्रव, आणि त्यात कुठे अर्धवट रुतलेली, कुठे आरपार गेलेली प्रथिने. पाठ्यपुस्तकांत हे ‘द्रव-मोझॅक’ मॉडेल म्हणून शिकवले जाते. मेदाचे रेणू आपल्या थरात शेजाऱ्याशी सेकंदाला लाखो वेळा जागा बदलतात, पण एका थरातून दुसऱ्या थरात आपणहून उलटायला त्यांना तास लागतात, कारण पाण्याशी जमणारे डोके तेलकट गाभ्यातून पार न्यावे लागते. म्हणूनच पटलाची आतली आणि बाहेरची बाजू कायम वेगळी राहू शकते. पुढच्या काळात या चित्रात भर पडली. पटल सगळीकडे सारखे वाहते नसते. कोलेस्टेरॉल जास्त असलेले छोटे दाट पुंजके त्यात जमतात आणि मोडतात, ही कल्पना १९९७ पासून जोर धरू लागली. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सत्यजित मेयर यांच्या गटाने दाखवले, की काही प्रथिनांचे हे पुंजके पटलाखालच्या तंतूंच्या जाळ्याच्या हालचालीने घडतात. पटल पेशीच्या अंतरंगापासून सुटे नाही, हे त्यातून पुढे आले.

पटलाची रचना उलगडत असताना त्याचे कार्यही उलगडत होते. पेशीच्या आत पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी, बाहेर नेमके उलट, ही असमानता टिकते कशी हा जुना प्रश्न होता. डेन्मार्कमधील येन्स स्को याने १९५७ मध्ये खेकड्याच्या पायातल्या चेतातंतूंपासून एक विकर मिळवले. ते ऊर्जा खर्च करून दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकते आणि दोन पोटॅशियम आत घेते. शरीर स्वस्थ झोपलेले असतानाही त्याच्या ऊर्जेचा मोठा वाटा या पंपावर खर्च होतो. स्कोला त्यासाठी १९९७ मध्ये नोबेल मिळाले. या पंपाने साठवलेल्या असमानतेवरच चेतापेशींचे संदेश चालतात, हे हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये माकुळाच्या जाड चेतातंतूवर सिद्ध केले होते. एकेका प्रथिनमार्गातून वाहणारा विद्युतप्रवाह नेहर आणि साकमन यांनी १९७६ मध्ये प्रत्यक्ष नोंदवला.

ओव्हरटनचे पाण्याचे कोडे १९९२ मध्ये सुटले, तेही वाटेत अचानक. बाल्टिमोरचे पीटर आग्रे रक्तगटांशी संबंधित एक प्रथिन तपासत होते. त्या शुद्धीकरणात दुसरेच एक छोटे प्रथिन वारंवार हाती लागे. त्याचे काम काय असेल हे पाहण्यासाठी बेडकाच्या अंड्यात ते प्रथिन तयार करणारा संदेश टोचला आणि अंडे साध्या पाण्यात ठेवले. बेडकाचे अंडे एरवी तळ्याच्या पाण्यात निवांत राहते. हे अंडे काही मिनिटांत फुगून फुटले. ते प्रथिन म्हणजे खास पाण्यासाठीची वाट होती. तिच्यातून सेकंदाला अब्जावधी रेणू जातात. मूत्रपिंडे रोज सुमारे १८० लिटर पाणी गाळून बहुतेक सगळे परत घेतात, ते अशाच वाटांनी. आग्रे यांना २००३ चे नोबेल मिळाले.

पटलाच्या या ज्ञानाचा सर्वांत मोठा उपकार जगावर झाला तो मीठ-साखरेच्या पाण्यातून. रॉबर्ट क्रेन याने १९६० मध्ये प्राग येथील परिषदेत मांडले, की आतड्याच्या पेशींच्या पटलात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेणारी वाट आहे. एकटे मीठ पाजून भागत नाही. सोबत साखर असली की दोन्ही आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी जाते. कॉलऱ्याचे विष आतड्याच्या पेशीतून क्षार आणि पाणी बाहेर लोटते, पण ही जोडवाट ते बंद करत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धामुळे लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते, पाय टेकायला जागा नव्हती, माणसे जमिनीवर पडलेली होती. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, साधे मीठ आणि खाण्याचा सोडा पाकिटांत भरून आणवला, पिंपातल्या पाण्यात कालवला आणि नातेवाइकांच्या हाती पेले देऊन रुग्णांना पाजायला सांगितले. मृत्यूंचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. महाराष्ट्रातल्या आरोग्य केंद्रांत ‘जलसंजीवनी’ म्हणून मिळणारे पाकीट त्याच तत्त्वावर चालते. त्यातले साखर-मिठाचे प्रमाण पटलातल्या त्या जोडवाटेच्या हिशेबाने ठरवलेले आहे.

मेदाच्या थराचा आणखी एक गुण औषधांच्या कामी आला. केंब्रिजजवळच्या बाब्राहॅम येथे अलेक बँगहॅम याने १९६०च्या दशकाच्या आरंभी अंड्यातले लेसिथिन पाण्यात हलवले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मेदाने आपणहून दुहेरी थराच्या बंद पिशव्या बनवल्या होत्या. त्यासाठी ना पेशी लागली ना प्रथिन. या पिशव्यांना पुढे लायपोसोम हे नाव मिळाले आणि त्यांत औषध भरता येते हे लक्षात आले. ॲम्फोटेरिसिन हे बुरशीवरचे औषध बुरशीच्या पटलातल्या अर्गोस्टेरॉलला धरते आणि पटल गळके करते. माणसाच्या पटलातले कोलेस्टेरॉल त्याच घराण्यातले असल्याने नुसते औषध दिले तर मूत्रपिंडालाही इजा होते. लायपोसोममधून दिले तर ती बरीच टळते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाने दिल्लीच्या संशोधकांच्या सहकार्याने असे औषध देशातच तयार करून रुग्णांवर तपासले. २०२१ मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिसचे रुग्ण महाराष्ट्रभर वाढले, तेव्हा नातेवाईक ज्या इंजेक्शनसाठी गावोगावची दुकाने पालथी घालत होते, ते हेच लायपोसोममधले ॲम्फोटेरिसिन होते.